लेफ्टनंट कर्नल, अजून

"लेफ्टनंट कर्नल. अजून."

कुणी नुसतं 'कर्नलसाहेब' म्हटलं की ते थांबून एवढं सांगायचे. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळेच कर्नल म्हणत. वॉचमनला काय फरक पडणार होता? पण 'अजून' म्हणताना त्यांचा उजवा हात नकळत खांद्यावर जायचा. मिशी पांढरी झाली होती आणि कर्नलपदाच्या बढतीच्या यादीतून दोनदा नाव गळालं होतं. शेवटची संधी उरली होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचा स्वतःवर कमी आणि ओळखींवर जास्त भरवसा असतो. "एका फोनचं काम आहे," ते म्हणायचे. तो फोन कुणीतरी करावा म्हणून दर हंगामात भावाच्या मळ्यातली द्राक्षं पेट्या भरून निघत. सगळ्यात चांगली पेटी शहरातल्या एका पुढाऱ्याला. त्याचे हात थेट दिल्लीपर्यंत पोचलेले.

मी चळवळीची पत्रकं वाटत मोठा झालेला. एकदा पार्किंगमध्ये न राहवून त्यांना सुनावलं, की काका, सीमेवर उभ्या राहिलेल्या माणसानं असं कुणाच्या दारात उभं राहणं शोभत नाही. ते पेटी बांधत होते.

"झालं भाषण, क्रांतिकारक? मग जरा इथे बोट ठेवा. गाठ सुटतेय."

मी बोट ठेवलं.

त्याच वर्षी युनिटच्या रेशनची तपासणी त्यांच्याकडे आली. त्या पुढाऱ्याच्या कंत्राटदार मेहुण्याचा कांद्याचा ट्रक आला. वरच्या गोण्या चांगल्या होत्या. यांनी तळातली गोणी उपसायला लावली, एक कांदा फोडला, हुंगला आणि अख्खा ट्रक परत पाठवला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांना त्या पुढाऱ्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच गाडी लावत होतो.

"साहेब, द्राक्षं माझ्या घरची होती," ते हळू आवाजात म्हणाले. "कांदा जवान खाणार." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही. तो ट्रक नाही घेता येणार."

आता तुमचं काय, मी विचारलं.

"एका फोनचं काम होतं," ते म्हणाले. "झालं."

आमच्या पत्रकांत माणसं दोनच प्रकारची असत. यांना कुठे बसवावं, मला कळेना. यादी लागली तेव्हाही त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या हंगामात द्राक्षं सोसायटीतच घरोघरी वाटली गेली, एवढ्यावरून नाव तिसऱ्यांदाही गळालं हे आम्ही समजलो.

निवृत्त झाल्यावर ते दिंडोरीकडे गावी निघाले. टेंपो भरला. वॉचमननं सलाम ठोकला.

"सांभाळून जा, कर्नलसाहेब."

मी त्या 'अजून'ची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी दोराची गाठ एकदा ओढून पाहिली.

"हो," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.