कवळीवाल्याची टकळी

कुजबुज अशी होती की कवळीवाल्यानं स्वतःच्या पोरीच्या तोंडात काहीतरी बसवलंय. काय बसवलंय ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे तार, कुणी म्हणे टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी. पण त्यामुळे पोरीची जीभ हलत नाही, यावर विद्यापीठाच्या त्या कुटुंबवाल्या विद्यार्थ्यांच्या इमारतीत, तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत एकमत झालं होतं. एकमत व्हायला तिथे फार काही लागायचं नाही. यंत्र फिरत असेपर्यंत बाकावर बसून करायचं काय, हा प्रश्न प्रत्येकीला असायचा, आणि उत्तर रेडिओकाकूंकडे तयार असायचं.

रेडिओकाकू म्हणजे रखवालदाराची बायको. कवळीवाल्याच्या पिशवीतून डोकावणारा गुलाबी जबडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. उरलेलं त्यांनी तिखटमीठ लावून पुरं केलं.

आता कवळीवाल्याच्या पिशवीत जबडा नाही सापडणार तर काय सापडणार? माणूस दातांचा कारागीर. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचं, यानं त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा, आणि मग त्याची पक्की कवळी करायची. कितीतरी माणसं त्याच्या हातच्या दातांनी हसत होती आणि त्यानं त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं.

बायकोचा विषय गंज. लोखंडाला गंज कसा चढतो यावर ती पीएचडी करत होती. खारट पाण्याच्या बरण्यांत लोखंडाचे तुकडे टांगायचे आणि वाट पाहायची. घाई करून उपयोग नाही, गंज आपल्या सवडीनं येतो. "मी चकचकीत करतो, ही सडवते," कवळीवाला पाहुण्यांना सांगायचा, "म्हणून संसार तोलून आहे."

आणि पोरगी. बाप तिला टकळी म्हणायचा, कारण सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. जिना, शेजाऱ्यांचं कुत्रं, कपातलं दूध, जिच्याशी तिचं बोलणं झालं नाही अशी वस्तू घरात नव्हती.

पण ही झाली या इमारतीत येण्याआधीची, जुन्या गावची, जुन्या विद्यापीठाची गोष्ट. तिथे बायकोचे मार्गदर्शक होते एक सर. पोर झाल्यापासून सरांनी तिला कामातून हळूहळू बाजूला सारायला घेतलं. "आधी घर सांभाळा, गंज कुठे पळून जातोय," असं गोड बोलून तिच्या बरण्यांची मापं घ्यायला ते दुसऱ्याच विद्यार्थ्याला बसवत. शेवटी तिनं दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंशी गुपचूप बोलणं केलं. बाई म्हणाल्या, ये, आणि बरण्या घेऊनच ये.

पंचाईत एवढीच की तिकडचं पक्कं होईपर्यंत सरांच्या कानावर जाता कामा नये. नवराबायको घरात हळू आवाजात बोलायला लागली, आणि मोठी माणसं हळू बोलायला लागली की पोरांचे कान टवकारतात. टकळीनं विचारलंच. आईनं तिला मांडीवर घेतलं. "आपण नव्या गावी जाणार आहोत. पण कुणाला सांगायचं नाही हं. अगदी कुणालाच नाही."

टकळीनं बरेच दिवस गुळणी धरली. मग प्रयोगशाळेत कुणाचा तरी निरोप समारंभ होता. सर हातातला केक सांभाळत तिच्यापुढे वाकले. "काय बाईसाहेब, आज इतक्या गप्प?"

"आम्ही ना, नव्या गावी जाणार आहोत," टकळी म्हणाली. "आईला तिथे चांगले सर मिळालेत."

आईचा हात पोरीच्या तोंडावर पडला, पण उशिरा पडला.

सर हसले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं कुलूप बदललेलं होतं. "लोखंड विभागाचं, पाणी विभागाचं," सर म्हणाले, "तेव्हा गंजही विभागाचाच." बरण्या तिथेच राहिल्या. राहतं घरही विद्यापीठाचंच, ते रिकामं करायचा निरोप पाठोपाठ आला. घरात खोकी आली. त्या खोक्यांच्या मधे बसून आई रडली. टकळीला मात्र कुणी रागावलं नाही. पोर आहे, तिला जाणवूसुद्धा द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं, आणि इतकं कसोशीनं पाळलं की त्या दिवसाचा विषय घरात पुन्हा निघालाच नाही.

नव्या गावात टकळी गप्प झाली.

आधी वाटलं, नवीन जागा, बावरली असेल. मग वाटलं, रुसली असेल. हवं ते बोटानं दाखवायची, नको ते मानेनं. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम. कवळीवाल्यानं बॅटरी घेऊन स्वतः तिच्या तोंडात पाहिलं. आयुष्यभर तोंडाच्या मापांवर पोट भरलेला माणूस, पण त्या उघड्या तोंडात त्याला काहीच दिसलं नाही. दुधाचे दात तेवढे छान होते.

बालवर्गाच्या शिक्षिकेनं त्याला बोलावून घेतलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"नाही, म्हणजे... तुम्ही दातांचं काहीतरी करता ना?"

प्रश्न तिकडे का वळला हे कळायला त्याला शाळेचा जिना उतरावा लागला. त्या संध्याकाळी तो कपड्यांची टोपली घेऊन तळघरात उतरला तर बाकावरची बडबड दार उघडताच बंद.

"या, या, कवळीवाले," रेडिओकाकू म्हणाल्या. "पोरगी काय म्हणते? बोलते की नाही?"

"बोलेल."

"बोलेल हो. तोंड मोकळं असलं की माणूस बोलतंच."

त्यानं पांढरे आणि रंगीत कपडे एकत्रच यंत्रात कोंबले. बायकोचा पांढरा कोट निळसर झाला. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि तिथेच त्याला शंका आली.

"मी सोमवारी बाईंना सांगणार आहे," ती म्हणाली.

"काय?"

"की मी पीएचडी सोडतेय. आत्ता कुठे नव्या बरण्यांत पहिला तांबूसपणा आलाय. तो बघते आणि मला काहीच वाटत नाही."

"अगं, सोडून जायचं कुठे? तिकडे घर नाही आता."

"कुठेही. मला हे गाव पाहिजे होतं, तुम्हां दोघांना नाही. पोरीचा आवाज घालवून मला कसली पदवी घ्यायचीय?"

खरं सांगायचं तर जुन्या गावातलं आपलं कारखान्यातलं खिडकीजवळचं टेबल त्यालाही आठवायचं. म्हणून त्यानं 'नको सोडूस' म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. हे त्याच्या मनाला लागून राहिलं.

सोमवारच्या आधीचा तो सुटीचा दिवस. बायको बरण्या बघायला गेली होती, बहुतेक शेवटच्या. एका डॉक्टरांचं काम अडलं होतं म्हणून कवळीवाला टकळीला घेऊन कारखान्यात आला. दुसरं कुणी नव्हतं. तिला टेबलाखाली बसवून त्यानं टाकाऊ प्लास्टरचे जबडे खेळायला दिले, जुन्या गावी द्यायचा तसेच, आणि स्वतः मेणात दात लावत बसला. बऱ्याच वेळानं टेबलाखालून खटखट ऐकू आली. जबड्यावर जबडा आपटत होता. मग आवाज आला. बारीक, घोगरा, जणू पेटीत ठेवून दिला होता.

"नाव काय तुझं?" मोठा जबडा विचारत होता.

"सांगणार नाही," छोटा म्हणाला.

"का?"

"कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं की खोकी येतात. मग आई रडते."

कवळीवाल्याच्या सुरीवरचं मेण त्याच्या बोटावर सांडलं. तो हललासुद्धा नाही. पोरीला उचलून छातीशी धरावं असं फार वाटलं, पण ज्या माणसानं आयुष्यभर ओलं प्लास्टर हाताळलंय त्याला एवढं कळतं की घट्ट होईपर्यंत धक्का लावायचा नसतो. त्यानं फळीवरून एक बिनदातांचा जबडा काढला आणि गुडघे कुरकुरवत टेबलाखाली शिरला.

"मी म्हाताला," बिनदातांचा जबडा म्हणाला. "मला दात नाहीत. मला शांगाल का, खोकी कोण आणतं?"

मग छोटा जबडा म्हणाला, "मी."

"छे. खोकी आईबाबांनी आणली. त्यांना इकडे यायचंच होतं. टकळीनं सांगितलं नसतं तरी आणली असती."

"आणि बरण्या?"

इथे म्हातारा अडला. बरण्यांबद्दल खोटं बोलता आलं असतं. "बरण्या सरांनी ठेवून घेतल्या," तो आपल्याच आवाजात म्हणाला. "ते सरांचं चुकलं, तुझं नाही. आणि आता गुपित संपलं, राणी. आम्हीच सांगायला विसरलो."

टकळीनं दोन्ही जबडे खाली ठेवले. "हे आईला माहितीय?"

तशाच मेणाच्या हातांनी तो तिला प्रयोगशाळेत घेऊन गेला. बायको बरण्यांच्या फळीसमोर उभी होती. टकळीनं एका बरणीला बोट लावलं. "आई, ही कुणाची?"

आई वळली. "माझी."

"कुणाला सांगितलं तर चालेल?"

आई होती तिथेच फरशीवर बसली. "सगळ्यांना सांग," ती म्हणाली.

सोमवारी ती बाईंकडे गेली ती फक्त आणखी बरण्या मागायला. जुन्या बरण्या कधीच मिळाल्या नाहीत. गंज पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागला. टकळीही लगेच पहिल्यासारखी झाली नाही. कितीतरी महिने ती प्रत्येक वाक्याआधी विचारायची, "हे सांगितलं तर चालेल?" आणि दर वेळी दोघांपैकी कुणीतरी हातातलं काम ठेवून म्हणायचं, "चालेल."

एकदा तळघरात, यंत्र फिरत असताना, तिनं बाकावर बसून रेडिओकाकूंना सगळं सांगितलं. सर, कुलूप, खोकी, म्हातारा जबडा, सगळं. काकूंनी ऐकून घेतलं, आणि ती वर गेल्यावर बाकावरच्या बायकांना म्हणाल्या, "बघा, काढलं वाटतं त्यानं तिच्या तोंडातलं."

तिच्या तोंडात काहीही बसवलेलं नव्हतं. तिला कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि आता सांगितलंस तरी चालेल हे सांगायचं राहून गेलं होतं.