आक्काचा हिरवा आणि फास्ट सावळाराम

भिवंडीजवळच्या दिघाशीत सावळाराम तीन आहेत. एक दुकानवाला, एक भजनात टाळ चुकवणारा, आणि तिसरा फास्ट सावळाराम. नवख्या माणसाला वाटतं, हा गडी वाऱ्यासारखा पळत असणार. पण त्याला घरापासून रिक्षा नाक्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, त्यात दुसऱ्याचं लग्न लागून पंगत उठते. आक्का, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "मानूस बरा हाय, फक्त सकाळी निंगाला का संध्याकाळी दिसतं कुठं गेलाय त्ये."

'फास्ट' हे नाव त्याला नारपोलीच्या रंगखान्यानं दिलं. मजीदशेठच्या त्या रंगखान्यात कापडाचा रंग पक्का आहे की कच्चा, हे सावळाराम ठरवायचा. रंगवलेल्या कापडाच्या तुकड्याला एक पांढरी पट्टी शिवायची आणि दोन्ही मिळून साबणाच्या गरम पाण्यात तीनदा धुवायची. पट्टीला तिथं साक्षीदार म्हणतात. सावळाराम त्यावर अंगठा फिरवून बघायचा. साक्षीदार पांढरा राहिला तर रंग फास्ट, म्हणजे पक्का. त्याला रंग लागला तर अख्खा माल परत हौदात. पास झालेल्या मालाच्या कडेला सावळाराम जांभळ्या शाईचा 'फास्ट' असा शिक्का मारायचा. पस्तीस वर्षांत त्याच्या शिक्क्याचा माल परत आला नाही. मजीदशेठ लोकांना सांगायचा, "खुदा के बाद सावळाराम का अंगूठा." आणि लगेच पुढे, "पण अंगठा जेवायला बसला की उठत नाही, हां."

नात उन्नती इंग्रजी शाळेत जाऊ लागली, तेव्हा या नावाची चौकशी झाली. तिनं मोबाईलवर अर्थ काढून आजोबाला वाचून दाखवले. फास्ट म्हणजे वेगात पळणारं. फास्ट म्हणजे जागचं न हलणारं, घट्ट. फास्ट म्हणजे उपास.

"ह्ये कसं गो?" सावळाराम म्हणाला. "पलायचं बी, थांबायचं बी, वर उपाशी बी ऱ्हायाचं? आमच्याकडं एका मानसाला इतकी कामं लावली तर तो तिसऱ्या दिवशी सोडून जाईल."

"मंग मी पन फास्टच," चुलीपाशी बसलेली आक्का म्हणाली. तिचे सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळं चालू असायचं. "पलते बी मीच, उपाशी बी मीच, आन इथून हालत बी न्हाय मीच."

पौषात आक्का गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. सांत्वनाला आलेल्यांना उन्नतीनं सांगितलं की आजी फास्ट अस्लीप होती, गाढ झोपेलाही इंग्रजीत फास्टच म्हणतात. सावळारामनं ते ऐकलं आणि मागच्या पडवीत जाऊन बसला.

सवाष्ण गेली म्हणून आक्काला कोरं हिरवं लुगडं नेसवलं. तिचं जुनं, बाटलीच्या रंगाचं हिरवं लुगडं पेटीतच राहिलं. ते साधं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या गौरीला सावळारामनं शेठकडून पांढरं सुती लुगडं मागून घेतलं होतं आणि स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. त्याच आठवड्यात शेठनं शिक्का त्याच्या हवाली केलेला. म्हणजे त्या शिक्क्याचा पहिला ठसा आक्काच्या लुगड्यावर. आक्का ते गौरीला आणि घरच्या हळदीला नेसायची, एरवी नाही.

तेरावं झाल्यावर सावळारामनं ते पेटीतून काढलं आणि रोज अंगावर घेऊन झोपू लागला. लेक भावेश मानकोलीच्या गोदामात ड्युटीला, त्याला हे ठाऊक नव्हतं. सून मृणालीनं पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चैत्र लागला. भिवंडीचा उन्हाळा म्हणजे माणूस बसल्या जागी उकडतो. एके सकाळी सावळाराम बनियन बदलायला उठला तर छातीवर हिरवा डाग, बरोब्बर पंजाएवढा. धुतला, फिका झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग खांद्यावर. मग मानेवर, चार बोटं टेकल्यासारखा. भर दुपारी पडवीत डोळा लागला की मागच्या धोंड्यावर कुणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज यायचा. थप, थप, मग बांगड्या, मग पुन्हा थप. उठून पाहावं तर धोंडा कोरडा, वर कावळा.

गावात दुसरा कुणीही असता तर त्यानं पहिल्या दिवशी लुगड्याकडं पाहिलं असतं. घामात भिजलेलं हिरवं कापड आणि अंगावर हिरवा डाग, यात काय मोठं कोडं? पण सावळारामला ते सुचलंच नाही. त्यावर त्याचा शिक्का होता. आपला रंग सुटला यापेक्षा आपली बायको भूत झाली, हे त्याला सोपं वाटलं.

"आक्का येते," तो मृणालीला म्हणाला. भीती त्याच्या आवाजात होतीच, पण खाली कुठंतरी समाधानही होतं. "हात ठेवते. बग."

शेजारच्या मेघालीनं वाळत घातलेला बनियन पाहिला आणि संध्याकाळपर्यंत बातमी पार खाडीपर्यंत पोचली. कुणी म्हणालं, आक्काचा जीव पेटीत अडकलाय. कुणी म्हणालं, सावळारामला न्यायला आलीये, आणि त्याच्या चालीनं त्याला तिथं पोचायला वर्ष लागेल. शेवटी भावकीनं ठरवलं की शनिवारी भगत बोलवायचा आणि आक्काला वाटेला लावायचं.

सावळारामनं दोन दिवस अन्न सोडलं. भगत आला तर आक्का जाणार, आणि घरात नात आहे, नको म्हणायचं तरी कसं. शुक्रवारी तो लुगडं मांडीवर घेऊन बसला तसा मृणालीला राहवलं नाही.

"बाबा, भगताला सांगा येऊ नको."

"का गो?"

"आईनी मला लग्नाच्या पहिल्याच गौरीला सांगितलेलं. हे लुगडं वेगळ्या बादलीत धू. मिठाच्या पाण्यात बुडव, सावलीत वाळव. म्हटलं का? तर म्हणाल्या, हिरवा सुटतो त्याचा. पहिल्या दिवसापासून सुटतो. आन त्यांना कधी सांगू नको, तेवढ्या एका शिक्क्यावर जगतोय मानूस."

सावळारामनं लुगड्याच्या कडेचा शिक्का अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाला, "खोटं."

"ठीक हाय. खोटं," मृणाली म्हणाली आणि आत गेली.

तो उठला. जुन्या धोतराची पांढरी पट्टी फाडली, लुगड्याच्या पदराला टाके घालून शिवली, पाणी तापवलं, साबण खिसून टाकला. रंगखान्यात पस्तीस वर्षं जसं केलं तसं, घाई न करता. पट्टी बाहेर आली ती केळीच्या कोंबासारखी हिरवीगार.

मग त्याला ते आठवलं. तीनदा धुवायचं असतं, त्या वेळी त्यानं एकदाच धुतलं होतं, तेही गार पाण्यात. गौर दुसऱ्या दिवशी येणार होती. नवी बायको घरी वाट पाहत होती. आयुष्यात एकदाच सावळारामनं घाई केली होती.

शनिवारी भगत आला, चहा पिऊन गेला. सोमवारी सावळाराम मुद्दाम डागाचा बनियन घालून रंगखान्यात गेला. मजीदशेठनं चष्मा वर केला. "ये क्या, सावळाराम? कुणाच्या हौदात पडला?"

"माझाच रंग हाय, शेठ. पयला शिक्का खोटा होता."

शेठनं बनियनकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. आक्काचं लुगडं त्यालाही आठवलं. थट्टा ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली. "बैठ," तो म्हणाला. "चाय मागवतो."

भुताचं असं उकललं. पण धोंड्यावरचा आवाज थांबला नाही. उलट आता सावळारामला कळलं की त्या आवाजात दोन बादल्या आहेत. एक सगळ्या घराची, एक वेगळी. पस्तीस गौरींना ती मागं बसून त्याची चूक धूत होती, आणि तो पुढच्या पडवीत अंगठा पुढं करून पाव्हण्यांना पक्क्या रंगाच्या गोष्टी सांगत होता.

त्यानंतर त्याला खोडच लागली. दर शनिवारी लुगड्याला नवी पट्टी शिवायची आणि धुवायची. पट्ट्या त्यानं पडवीच्या तारेवर ओळीनं अडकवल्या. पहिली केळीच्या कोंबाची, मग भाताच्या रोपाची, मग कच्च्या कैरीच्या आतली. मृणाली म्हणाली, "बाबा, नका धुऊ आता. संपेल तो."

"धुतलं न्हाय तर कलणार कसं, हाय का न्हाय ती?"

आणि कळल्याशिवाय तर त्याला झोप येत नव्हती. ज्या माणसानं जन्मभर पांढऱ्या पट्टीची वाट पाहिली, तो आता पांढऱ्या पट्टीला घाबरू लागला. टाके उसवताना तो डोळे मिटायचा.

भाद्रपदात, गौर यायच्या आदल्या दिवशी, त्यानं पट्टी पाण्यातून काढली. उन्हात धरली. अंगठा फिरवला. ज्या डोळ्यांना एका हौदातले अकरा हिरवे वेगळे दिसायचे, त्यांनी पट्टी पुन्हा पुन्हा उलटून पाहिली.

"मृणाली," त्यानं हाक मारली. "जरा ये गो. माजा चष्मा धूसर झालाय. हिरवा हाय का?"

मृणाली पदराला हात पुसत आली. पट्टी दुधासारखी पांढरी होती. चष्मा तर त्याच्या खिशातच होता, त्यानं घातलाच नव्हता.

"हाय की, बाबा," ती म्हणाली. "कडेला बघा. हिरवा हाय."

सावळारामनं तिच्याकडं पाहिलं. तिचा आवाज, मान खाली घालायची तऱ्हा, सगळं त्यानं आक्काकडं पस्तीस वर्षं ऐकलं-पाहिलं होतं, फक्त कधी ओळखलं नव्हतं.

"मना बी वाटला," तो म्हणाला. पट्टी तारेवर शेवटच्या जागी अडकवली आणि लुगडं घडी करून तिच्या हातात दिलं. "उद्या गौरीला नेस. आन धुशील तवा वेगल्या बादलीत धू."

मागच्या धोंड्यावर थप असा एक आवाज झाला. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.