सातव्या वळणाची करंगळी

रविवार, ११ फेब्रुवारी २००७, सकाळी दहा. स्थळ: मास्तरांची उचगावची खोली. हजर: मास्तर, मी, दोन गिटारी. गैरहजर: वीज. विषय: मास्तरांच्या जाझच्या धड्यांचा ब्लॉग सुरू करणे.

एवढं लिहून मी वर पाहिलं, तर मास्तर नेहमीप्रमाणे शेजारच्या स्टुलावर थाप मारत होते.

"समोर काय बसलासा वैनी? मी काय मुलाखतीला आलोय व्हय? हितं शेजारी बसा की."

मी बसले नाही. स्टुलावर बसलं की मांडीवर वही नीट राहत नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. एका दूध संस्थेच्या कार्यालयात मी आवक-जावक सांभाळते. यादीशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटावर धूळ खात पडली. घरात कुठलीही वस्तू पडून राहू नये, या एकाच तत्त्वावर मी सेहेचाळिसाव्या वर्षी मास्तरांकडे शिकायला गेले. कलेशी माझा संबंध इतकाच.

मास्तर मूळचे चंदगडकडचे. तरुणपणी काजूच्या कारखान्यात कामाला म्हणून गोव्याला गेले आणि एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून जाझ शिकून परत आले. त्या विद्येचं कोल्हापुरात काय करायचं? तीस वर्षं त्यांनी लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. हळदीच्या गाण्यात मध्येच त्यांचं बोट भलतीकडे वळायचं आणि मांडवातून नवरदेवाचा मामा ओरडायचा, "ओ पावणं, सरळ वाजवा की!"

जाझ म्हणजे काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला व्याख्या हवी होती. वही उघडून बसले होते.

"चंदगडची एसटी बघितलीसा न्हवं? घाटात हिकडं वळती, तिकडं वळती. नवख्याला वाटतं, गेली आता दरीत. पर ती चंदगडलाच जाती. त्येच की!"

मी लिहिलं: जाझ, एसटीप्रमाणे.

अशी आठ वळणं त्यांची स्वतःची होती, हयातभर वाजवून सापडलेली. ती कुणीच शिकून घेतली नव्हती. शिकायला येणाऱ्यांना सिनेमाची गाणी हवी असत. आणि आता त्यांच्या डाव्या हाताची करंगळी नि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळू लागलं होतं. ते दोन्ही बोटं उजव्या हातानं सरळ करून दाखवायचे, सोडली की ती परत मिटायची. "बघा, लाजत्यात," म्हणायचे. मग हसू ओसरल्यावर म्हणायचे, "अजून वरीसभर वाजवीन. तवर ही आठ कुठंतरी ठेवून जायला पायजेत वैनी."

ब्लॉगची कल्पना माझी. मी तातडीने कामाला लागले. मुख्य पान, अनुक्रमणिका, वाचकांसाठी नऊ सूचना, शंकांसाठी वेगळं पान. एकही धडा नसताना शंकांचं पान तयार होतं. मग दर रविवारी मास्तर एक वळण वाजवायचे, मी समोर बसून तारांच्या सहा रेघा ओढायची आणि त्यांचं बोट दिसेल तिथे ठिपका द्यायची. सोमवारी ऑफिस सुटलं की सायबर कॅफेत जाऊन तो कागद स्कॅन करून चढवायची. आठ आठवड्यांत आठ पाठ झाले. मास्तर थाप मारत राहिले, स्टूल रिकामं राहिलं.

पहिली प्रतिक्रिया मे महिन्यात आली. नागपूरच्या कुणीतरी विचारलं होतं, "सर डावरे आहेत का?"

मी कार्यालयीन शिस्तीत उत्तर दिलं: "आपल्या चौकशीबद्दल आभार. सर उजव्या हाताने वाजवतात." त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "मग आठही पाठ उलटे आहेत."

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. समोर बसून मी जसं दिसलं तसं उतरवलं होतं, आरशात पाहिल्यासारखं. आणि माझ्या कागदांवरून मी स्वतः एकही वळण कधी वाजवून पाहिलं नव्हतं. यादी करणाऱ्याला यादी केल्याचंच समाधान पुरतं.

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मला डावरा केला की हो!"

मी खचले नाही. आठही कागद पालथे करून खिडकीच्या काचेवर धरले, पाठीमागून गिरवले. दीड तासात काम फत्ते. ऐटीत त्यांच्यापुढे ठेवले.

"आता वाजवा," मास्तर म्हणाले.

"मी?"

"मग काय कागद वाजवणार हाय?"

मी वाजवलं. सहा वळणं अडखळत का होईना, घरी पोचली. सातवं मध्येच तुटलं. तिथे एक सूर नव्हताच. कागद पुन्हा तपासला, गिरवण्यात चूक नव्हती.

मास्तर आपल्या हाताकडे पाहत होते. "तितं करंगळी लागती," ते हळू म्हणाले. "माझी गेली न्हाय तितवर. म्या सूर गाळला, तुम्ही गाळलेला लिवलासा."

मी लगेच पेन काढलं. "कुठल्या तारेवर? सांगा, ठिपका देते."

"न्हाय सांगत." मी त्यांना पहिल्यांदाच इतकं ठाम पाहिलं. "सांगितलं तर लिवशिला, वाजवणार न्हाईसा. शेजारी बसा, मी गुणगुणतो, तुमच्या करंगळीनं हुडका. सापडलं की तुमच्यात ऱ्हायलं म्हणायचं."

मी घड्याळ पाहिलं. संस्थेची वार्षिक सभा तोंडावर होती, नोटिसा काढायच्या होत्या. वहीत लिहिलं: पाठ सातवा, सभेनंतर.

सभेनंतर मास्तरांची तब्येत उतरली आणि मुलगी त्यांना चंदगडला न्यायला आली. एसटी स्टँडवर मी यादी घेऊनच गेले होते: औषधं, डबा, गिटारीची पिशवी. तिन्हींवर खूण केली. मुलगी पाण्याची बाटली आणायला उतरली होती. मास्तरांनी खिडकीतून हाक मारली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर थाप मारली.

"बसा की वैनी. वळणं दावतो."

"पुढच्या रविवारी येते," मी म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं.

पुढचे रविवार कसे गेले ते माझ्या वहीत आहे. एकही रिकामा नव्हता. दिवाळी झाल्यावर मुलीचा फोन आला. शेवटच्या दिवसांत ते पलंगावर बसून काहीतरी गुणगुणत असायचे, म्हणाली. काय, ते तिला कळलं नव्हतं.

ब्लॉग अजून आहे. सातवा सोडून बाकी सात पाठ सुलट केले, तपासले, चढवले. आता मी घरी वही बाजूला ठेवून स्टुलावर बसते आणि करंगळी एकेका तारेवर ठेवून पाहते. कधी वाटतं हाच, दुसऱ्या दिवशी तो नसतो. आजच्या यादीत गॅसचा नंबर लावणे, विम्याची पावती आणि कपाटाचं बिजागर होतं. तिन्ही झाली. चौथ्यावर खूण नाही: पाठ सातवा, करंगळी.