हार न घातलेला फोटो

माझ्या बायकोला साधा ताप आला तरी आधी माझे हातपाय गार पडायचे. तिला टायफॉइड झाला तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावरून उठलोच नाही. मेव्हण्यानं थट्टा केली, पेशंट ती हाय का तुमी, दाजी? लोकांना वाटायचं, हा बायकोवर फार जीव टाकतो. जीव होताच, पण मी घाबरायचो ते त्यामुळे नव्हे. पालमजवळच्या एका खेड्यात, एका घराच्या भिंतीवर माझ्या बायकोचा फोटो मेलेल्या बाईचा म्हणून लागला होता. तो मीच काढला होता आणि तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, त्याचं आयुष्य घटतं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. मी फार देवधर्म करणारा माणूस नाही. पण त्या न पाहिलेल्या हाराला मी जन्मभर भ्यालो.

आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पालमला रस्त्याकडेची एक खोली भाड्यानं घेऊन मी स्टुडिओ टाकला होता. पुढं स्टुडिओ, मागं आमचा संसार, आणि मधल्या अडगळीच्या जागेला दारं-फटी बुजवून केलेली डार्करूम. रंगवलेला पडदा, एक स्टूल, स्टँडवरचे दोन दिवे आणि सावली उजळायला पांढरा पुठ्ठा, एवढंच सामान.

एका बाजारच्या दिवशी एक म्हातारा आपल्या सुनेला घेऊन आला. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर होता, महिना महिना बाहेर. केबिनमध्ये लावायला त्याला बायकोचा फोटो हवा होता. सून सासऱ्यासमोर पदर वर करीना, म्हणून म्हातारा आपणच नातीला खांद्यावर घेऊन बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मग तिनं पदर मागं सारला. मी दिवे लावले, दोन फोटो घेतले, पुढच्या बाजारी न्यायला या म्हणून सांगितलं.

त्या दुपारी डार्करूममध्ये रोल डेव्हलपरमधून काढला आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या ट्रेकडे हात नेला, तेवढ्यात माझ्या पावलावरून काहीतरी सरकलं. आदल्या आठवड्यात त्याच खोलीत विंचू निघाला होता. हायपोत जाईपर्यंत रोलला काडीचाही उजेड चालत नाही, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. तरी मी टॉर्च लावला. पायावर टॉवेलची ओली दशी होती. वर धरलेला रोल माझ्या डोळ्यांदेखत काळा पडत गेला.

म्हातारा पुढच्या बाजारी आला तेव्हा मी खोटं बोललो. कागद संपलाय म्हणालो, सुनेला परत एकदा आणा, आणखी चांगला काढून देतो. तो बरं म्हणून गेला. त्यानंतर आला तो एकटाच. दाराच्या उंबऱ्यावर टेकला आणि खाली बघत म्हणाला की सून गेली, तापाचं निमित्त झालं, तिचा दुसरा फोटोच नाही, आहे तेवढा द्या.

रोल जळाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण धंदा नवा होता, गाव छोटं होतं, आणि मेलेल्या बाईचा एकुलता एक फोटो जाळला हे बाजारभर झालं असतं तर माझ्या दारात कुणी उभं राहिलं नसतं. मी म्हणालो, दोन दिवसांनी या.

बायको त्या बाईच्याच वयाची, अंगानं तशीच. मी तिला सांगितलं, नवा दिवा आणलाय, जरा बस, उजेड कसा पडतो ते बघायचंय. काठाची साडी नेसायला लावली, पदर कपाळावर घ्यायला लावला. समोरून दोन्हीकडून सारखा उजेड टाकला तर चेहरा सपाट येतो, पण ओळखू येतो. ओळखपत्राचे फोटो तसेच काढतात. एकच दिवा बाजूला, खांद्याच्या जरा मागं नेला तर नाकाची कड, गालाची एक रेघ आणि डोळ्याचा कोपरा तेवढा उजळतो, बाकी माणूस अंधारात जातं. असा उजेड मी नाटकातल्या पोरांच्या हौसेसाठी ठेवायचो. त्या दिवशी तो माणूस लपवायला लावला. पांढरा पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे सावलीत कणभरही उजेड जाऊ नये. बायकोच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी बाळी ओढली जाऊन फाटलेली आहे. ती बाजू पूर्ण काळोखात ठेवली. लेन्सही किंचित फिरवून चेहरा धूसर केला.

तिला हसू आवरेना. परीक्षा दिव्याची हाय का माझी, म्हणाली. हसू नको म्हटलं तर म्हणाली, "हसायचं न्हाई तर काय, मेल्यागत बसू?"

माझ्या हातातली वायर सुटली. ती उचलायला वाकलो आणि बराच वेळ वर झालोच नाही.

म्हाताऱ्यानं फोटो दोन्ही हातांनी घेतला, दाराशी उन्हात नेला. आता हा ओळखणार म्हणून मी टेबलाची कड धरून उभा होतो. तो बोलला ते असं: "सून कधी उघड्या तोंडानं माझ्यासमोर आली न्हाई, भाऊ. आज बघायलोय."

त्याच्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. माहेरची चार माणसं बघतील, पण फोटोत माणूस वेगळंच दिसतं असं त्या वेळी सगळेच म्हणायचे. राहिला नवरा. त्याच्यापायी माझी झोप गेली. रस्त्यावर ट्रक थांबताना हवेचा फुस्स आवाज व्हायचा, तो ऐकला की मी मागच्या खोलीत जायचो.

तो आला तेव्हा मात्र मी दारातच होतो. ट्रक कडेला लावून खाली उतरला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो. बायको ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत होती, उजवी बाजू त्याच्याकडे. त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं, मग फोटोकडे, मग माझ्याकडे. हा तुमीच काढला का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. आता हात कॉलरला येणार म्हणून मी मान आखडून घेतली होती.

"पोरगी लहान हाय," तो म्हणाला. फोटो परत नीट गुंडाळला आणि गेला.

त्या तीन शब्दांचा अर्थ मी उलटाच लावला. पोर मोठी झाली की हा येणार आणि सगळ्या बाजारात मला उभा करणार. वर्षं गेली. पोर केवढी झाली असेल याचा हिशोब मी मनात चालवत राहिलो. आणि तिकडे भिंतीवर सणासुदीला हार चढत असणार, उदबत्तीचा धूर माझ्या बायकोच्या तोंडावर जात असणार. पहिल्या बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं, त्या वेळी बस धरून त्या घरी जावं आणि फोटो भिंतीवरून ओढून काढावा असं मनात आलं. स्टँडपर्यंत गेलो, आणि परत आलो. माझी भीती नेहमी एवढीच चालायची, स्टँडपर्यंत.

आता स्टुडिओ मुलगा आणि सून चालवतात. दिवे गार असतात, फोटो क्षणात दिसतो. मी आपला दाराजवळ खुर्ची टाकून बसतो. या वर्षी दिवाळीनंतर मुलगा लग्नाच्या ऑर्डरीवर गेला होता, सून कॉम्प्युटरवर काम करत होती. एक बाई आली, केस पिकायला लागलेली. साडीच्या तुकड्यात बांधलेली चौकट तिनं टेबलावर सोडली.

"काका, तुमच्याच हातचा फोटो हाय. मागं शिक्का हाय."

चष्मा न लावताही मी ओळखला.

तिनं सगळं सांगितलं. बापू, म्हणजे तिचे वडील, गेल्या साली गेले. लेकीचं लग्न काढलंय, हॉलमध्ये आई-बापूंचा जोडीनं मोठा फोटो लावायचाय, आईचा रंगीत करून हवाय. लेकीचा तोंडवळा आजीवर गेलाय म्हणून सगळे म्हणतात, आता शेजारी उभी करून बघू. ती हसून बोलत होती. जुना कागद हाय, खराब होईल, राहू दे, असं मी पुटपुटलो. सून म्हणाली, बाबा, आता सगळं होतं. तिनं चौकट उघडली. काच पुसायला घेतली आणि थांबली. एवढा जुना फोटो, पण कुंकवाचा डाग नाही, उदबत्तीची काजळी नाही, हाराचा चरा नाही, असा कसा राहिला म्हणून तिनं सहज विचारलं.

बाई म्हणाली, बापूंनी कधी हार घालूच दिला नाही. आजा एकदा हार घेऊन आला तर बापूंनी तो हातातून काढून घेतला. कुंकू नाही, धूप नाही. सणाला खाली जमिनीवर एक दिवा, बस. कारण विचारलं की उठून बाहेर जायचे.

ज्या हाराला मी आयुष्यभर भीत आलो तो कधी पडलाच नव्हता. तो माणूस ओट्यावर माझ्या बायकोला बघून गेला होता, आणि लेकीला आई मिळावी म्हणून गप्प बसला होता. आणि परक्या बाईच्या जिवाला बाधा नको म्हणून स्वतःच्या बापाचा हात धरला होता. मला हे कळायला तो मरावा लागला.

पण भीती काही सरली नव्हती, कारण सुनेनं फोटो स्क्रीनवर घेतला होता. सावलीतला भाग उजळते, म्हणाली. माऊस जरासा सरकला आणि इतक्या वर्षांचा काळोख विरघळायला लागला. काळ्यातून आधी राखाडी गाल आला, मग केसांची बट, आणि मग कान. फाटलेली पाळी.

बाई पुढं वाकली. आईचा कान असा होता हे कुणी कधी सांगितलंच नाही, म्हणाली.

मागं बायको चहा घेऊन उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. सुनेनं तिच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, हा त्या नव्या दिव्याचा फोटो ना?"

आता स्टँडपर्यंतही जायला जागा नव्हती. मी बोललो. टॉवेलच्या दशीपासून सगळं बोललो. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. बाई ऐकताना एकदा उठली, पुन्हा बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चौकटीकडे बघत म्हणाली, "शाळंला जाताना मी रोज हिला सांगून जायची, काका."

बायकोनं तिच्यापुढं चहा सरकवला, तो तिनं घेतला नाही.

कप तसाच ठेवून तिनं विचारलं, मग माझी आई कशी होती? बापू सांगत नव्हते. आजा सांगू शकत नव्हता. माहेरचं कुणी उरलं नाही. तिला नीट, उजेडात बसवून बघितलेला माणूस म्हणजे मी.

आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. डोळे मिटले की मला माझ्या बायकोचंच तोंड दिसू लागलं, पदरासकट, त्याच एका दिव्याखाली. इतकी वर्षं भिऊन भिऊन मी त्या बाईचा चेहरा स्वतःच पुसून टाकला होता. आता तिला आईचं म्हणून काहीही सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा तेच पाप झालं असतं. मी तिला म्हटलं, नाकडोळे सांगत नाही, चुकतील. दिवे कुठं होते ते आठवतंय, तेवढं सांगतो.

मोठा दिवा आधी उजवीकडे होता. ती तोंड सारखं फिरवायची, म्हणून बघितलं तर उजव्या गालावर फोड बसल्याचा खड्डा होता. दिवा डावीकडे नेला तशी ती सरळ बसली. रंग सावळा होता, म्हणून दिवा जवळ ओढावा लागला. धगीनं डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाली, चुलीम्होरं बसल्यागत व्हायलंय, आणि हसली. हसताना ओठ एका बाजूला जास्त जात होता. पांढरा पुठ्ठा मी हातात धरला होता, कारण तो ठेवला तिथून हनुवटीखालची सावली जात नव्हती; हनुवटी आत होती. पहिला फोटो सरळ घेतला. दुसऱ्याच्या वेळी बाहेर सासऱ्याच्या खांद्यावर बाळ रडलं आणि बटण दाबता दाबता तिनं मान फिरवली. फोटो वाया गेला म्हणून मी मनात चिडलो होतो.

"ते बाळ म्हणजे मी," बाई म्हणाली.

ती चौकट न घेताच गेली. जाताना फक्त सुनेला म्हणाली, बाबा जे बोलले ते लिहून ठेवायला सांगा, म्हातारं माणूस हाय, इसरतील. म्हणून हे लिहिलं. फोटो बायकोनं आपल्या कपाटात ठेवलाय. कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा भाजी निवडताना विचारलं, मी तेव्हा गेले असते तर माझा म्हणून कोणता लावला असता? तिच्या तरुणपणाचा तेवढाच फोटो मी काढला होता.

बाई लग्नाआधी एकदा पुन्हा येऊन गेली. पत्रिका सुनेच्या हातात दिली. मग पडद्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसली आणि विचारलं की आईनं मान फिरवली ती कुठल्या अंगाला. मी दाराकडे बोट केलं. ती तशी वळली आणि बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिली. सुनेनं विचारलं, दिवे लावू का. मी म्हणालो, ती सांगेल.