वहिनींचा ताप आणि वर्गवारी

सुटे आकडे पाहून आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका कासावीस होणारा माणूस अख्ख्या मद्रासमध्ये दुसरा नसेल. केंद्र सरकारच्या कचेरीत दिवसभर ते आकडेच कोष्टकात मांडायचे, पण वेस्ट मांबलमला घरी परतल्यावरही त्यांचा हात थांबत नसे. बाजारातून पडवळं आली की आधी लांबीप्रमाणे वर्ग पडायचे, मग वर्गापुढे उभ्या रेघा, चार झाल्या की पाचवी आडवी, शेवटी वारंवारता, म्हणजे कुठल्या वर्गात किती. तोवर वहिनींची फोडणी जळालेली असे. माझ्या गप्पांचंही कोष्टक होतं. "बरोबर दहा मिनिटं बोललो, तर मी कुठल्या वर्गात?" असं एकदा मुद्दाम विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "दहा ते वीस. वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत. थोडं आधी उठलात तर खालच्यात बसाल." आणि कोष्टक पुरं झालं की कच्च्या आकड्यांच्या चिठ्ठ्या फाडून टाकायच्या, हा त्यांचा सोवळ्यासारखा नेम.

एका उन्हाळ्यात वहिनींना ताप आला आणि हटेना. डॉक्टरांनी दर चार तासांनी ताप लिहून ठेवायला सांगितलं. यांनी रजा काढली, थर्मामीटर हातातून सोडला नाही, आणि आठवड्याने डॉक्टर घरी आले तेव्हा सुबक कोष्टक पुढे केलं. नव्याण्णव ते शंभर, शंभर ते एकशे एक, सगळं जिथल्या तिथे. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि विचारलं, ताप रोज चढतो की दिवसाआड? औषध त्यावर ठरणार होतं. किती वेळा चढला ते कोष्टकात होतं, कधी चढला ते नव्हतं. चिठ्ठ्या केव्हाच फाडल्या होत्या. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला थट्टा करवेना. एरवी मी अशी संधी सोडत नाही.

"क्रम मीच घालवला," एवढंच ते म्हणाले.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. वेळ आणि ताप, एकाखाली एक, वाकडेतिकडे. वहिनींनी क्षीण आवाजात विचारलं, "अहो, रेघा नाही मारल्या?"

"नाही. तू जशी आहेस तशी लिहितोय."

ताप दिवसाआडचा निघाला, हिवतापाचा. गोळ्या लागू पडल्या. पडवळांची वर्गवारी पुन्हा सुरू झाली, पण वहिनींच्या कपाळावर ते येताजाता नुसताच हात ठेवू लागले. "बरी आहे हो मी," त्या वैतागून म्हणत. हात मात्र कधी बाजूला करत नसत.