हुसेनने झाकलेल्या भेगा

हुसेन गेल्याचं मला कोर्टात कळलं. बाररूममध्ये चहा घेत होतो, तेव्हा पट्टेवाला सहज म्हणाला, "साहेब, मोटारी रंगवणारे हुसेनभाई काल वारले. छातीचं दुखणं होतं. दुपारीच दफन झालं." मी "अरेरे" म्हटलं आणि समोरचे कागद चाळू लागलो. शेजारी बसलेले वकील म्हणाले, "हात चांगला होता हो त्याचा, पण माणूस लबाड. काष्टीच्या त्या आबांना फसवलं नव्हतं का?" त्या क्षणी मी बोलायला हवं होतं... मी चहा संपवला आणि उठलो. त्याला आता सहा आठवडे होतील. हुसेन लबाड नव्हता. लबाडी माझी होती, आणि ती चारचौघांत सांगावी म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

नगरच्या प्राथमिक शाळेत आम्ही दोघं एका बस्करावर बसायचो. त्याचे वडील टांगे रंगवायचे. मी पुढे पुण्याला वकिली शिकायला गेलो, तो कॅम्पात साहेबलोकांच्या मोटारी रंगवायला शिकला आणि भिंगारच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकांसमोर तो मला "वकीलसाहेब" म्हणे. शेडमध्ये आम्ही दोघंच असलो की "वामन". नगरात मला माझ्या नावाने हाक मारणारं आईनंतर तेवढंच एक माणूस उरलं होतं. मोटार पाहायची त्याची रीत अशी की सकाळचं तिरपं ऊन असताना तो बॉनेटशी डोकं टेकवून एका बाजूने बघायचा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या रंगात तिथून केसासारख्या भेगांची जाळी दिसे.

लढाईच्या दिवसांत पेट्रोलचं रेशन झालं आणि मी माझी हिरवी मोटार विकायला काढली. उन्हाने तिच्या रंगाला अशाच बारीक भेगा पडल्या होत्या. काष्टीचे आबा, गुळाचे व्यापारी, लेकीच्या लग्नात जावयाला देण्यासाठी मोटार शोधत होते. ते पाहायला यायच्या आधी मी ती हुसेनकडे नेली. त्याने तिरप्या उन्हात पाहिलं आणि मान हलवली.

"वामन, हे पार खालपत्तुर गेलंय. याला औषध एकच. पत्र्यापत्तुर खरवडायचं आन् नवा रंग द्यायचा. पन रंग हाय कुठं बाजारात? सगळा मिलिटरीला जातोय."

"दिसणार नाहीत इतपत काही करता येईल?"

"येईल की. पन ते झाकनं हुईल, बरं करनं न्हाई. उन्हाळ्यात पुन्ना उघडं पडंल." मग माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "घेनाऱ्याला सांगशील ना?"

"सांगेन," मी म्हणालो.

तीन दिवस तो त्या मोटारीशी बसला होता. झिजून मऊ झालेला पॉलिशपेपर पाण्यात बुडवून त्याने भेगांच्या कडा हलक्या हाताने घासल्या. मेणात हिरवी भुकटी कालवली आणि अंगठ्याने एकेका भेगेत भरली, मग फडक्याने जादा मेण पुसून काढलं. त्याच्या अंगठ्याचं कातडं सोललं होतं. मोटार इतकी चकचकीत झाली की आबांनी बॉनेटमध्ये पाहून आपला फेटा सारखा केला.

"रंग नवा हाय का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच काम करून घेतलंय," मी म्हणालो. वकिलाचं उत्तर. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

लग्न वैशाखात होतं. मोटार मांडवापुढे दुपारभर उन्हात उभी राहिली, मेण पाघळलं आणि उघड्या पडलेल्या भेगांत धूळ बसली. नवऱ्या मुलाच्या काकांनी बॉनेटवरून बोट फिरवून ते सगळ्यांना दाखवलं. व्याह्यांनी मोटार नेली नाही. वरात बैलगाडीतून गेली.

चौथ्या दिवशी आबा माझ्या दारात उभे. मी तेव्हाच कबूल केलं असतं तर... पण आत दोन पक्षकार बसले होते. मी म्हणालो, "मला रंगातलं काय कळतं? चला, त्यालाच विचारू." शेडमध्ये गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "हुसेन, नवा रंग दिला म्हणून तूच सांगितलंस ना मला?"

त्याचा घासता हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, मी आता पुढे काय बोलतो याची वाट पाहावी तसा. मी नजर आबांकडे वळवली.

"वकीलसाहेब म्हनतात तर तसंच असंल," तो म्हणाला. "आबा, मोटार ठिवून जा. मी करून देतो."

कुठूनकुठून रंगाचे डबे जमवून, पत्र्यापर्यंत खरवडून, दोन महिने राबून त्याने ती मोटार नव्याने रंगवून दिली. तरी आबांनी गावोगाव त्याला लबाड म्हणायचं सोडलं नाही. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे मोटारी देणं बंद केलं. पुढे तो टांगे आणि दुकानाच्या पाट्या रंगवू लागला. रस्त्यात भेटला की "सलाम, वकीलसाहेब" म्हणायचा. वामन म्हणून त्याने पुन्हा कधी हाक मारली नाही. उद्या जाऊन त्याला भेटू, माफी मागू, असं म्हणत मी चार वर्षं काढली.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी मी काष्टीला गेलो. ती मोटार आबांच्या दारात उभी होती. तिरपा वाकून मी तिच्याकडे पाहिलं. एक भेग नव्हती. ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं.

"चार वर्सं मी त्या मानसाला लबाड म्हनत फिरलो," आबा म्हणाले. "आता कुनाच्या पाया पडू मी? त्याच्या घरी सांगितलंत का हे?"

"नाही."

"मंग उठा."

आम्ही त्याच मोटारीतून नगरला आलो. शेडमध्ये हुसेनचा धाकटा भाऊ याकूब एक पाटी रंगवत होता. आबांनी मला पुढे केलं आणि मी उभ्या उभ्या सगळं पुन्हा सांगितलं. याकूबने कुंचला डब्यावर आडवा ठेवला.

"आमाला भाईनं कदी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "घरात समदे त्यालाच बोलायचे. तुज्यापायी धंदा बुडाला म्हनून अब्बा त्याच्या ताटाला ताट लावून जेवत नव्हते. अब्बा सोता मरेपत्तुर जेवले न्हाईत."

कोपऱ्यात हुसेनचं बुटकं लाकडी स्टूल होतं. त्यावर रंगांचे थरावर थर वाळलेले होते आणि मधोमध बसून बसून लाकूड उघडं पडलं होतं. याकूबने ते उचललं, बाहीने पुसलं आणि आबांपुढे ठेवलं. आबा बसले नाहीत. मला तो बसा म्हणाला नाही. त्या रिकाम्या स्टुलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे उभे राहिलो, आणि याकूब पुन्हा पाटीवरची अक्षरं भरू लागला.