माडाला कान लावणारी

गल्लीत तिला सगळे माडमावशी म्हणत. नारळ रुजत कसा घालायचा, शहाळं कधी उतरवायचं, गुळासाठी माडाच्या कळीतला रस किती आटवायचा, सगळं तिलाच विचारायचं. पण खरा मान तिच्या कानाला. सोंड्या भुंग्याची अळी खोडात शिरली की झाड वरून हिरवंगार दिसतं आणि आतून पोखरत जातं. एक दिवस ते उभ्याउभ्या मोडून पडतं. खोडाला कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो. मावशी दर महिन्याला अकरा घरचे माड आणि शाळेतला एक ऐकून यायची. म्हणायची, "झोपा निवांत."

वर्षभरात तिची स्वतःची झोप मात्र उडाली होती. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकल्या, मग दारावरची टकटक. सांगायची सोय नव्हती. बहिऱ्या बाईला कोण विचारतंय? म्हणून ती खोडाला कान लावून डोळे मिटायची आणि तेच म्हणायची, "झोपा निवांत." शुद्ध लबाडी होती ती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्या सकाळी घरामागच्या, छपरावर झुकलेल्या माडाला तिनं असाच कान लावला. काही नाही. कपडे वाळत घालणाऱ्या सुनेनं गंमत म्हणून आपलाही कान टेकवला. तिचं हसू मावळलं.

"आई, आत काहीतरी कुरतडतंय."

"काय?"

सून जवळ येऊन ओरडली, "कुरतडतंय! एवढ्या मोठ्यानं! तुम्हाला येत नाही ऐकू?"

छपराखाली नात झोपली होती. "आधी पोरीला बाहेर काढ," ती कशीबशी म्हणाली. पोर शेजारणीच्या कडेवर गेली, तशी तिला शाळेतला माड आठवला. परवाच तिनं तो चांगला आहे म्हणून सांगितलं होतं. सुनेचा हात धरून ती धावत सुटली.

मधली सुट्टी झाली होती. पोरं बुंध्याशी डबे उघडून बसलेली.

"उठा! लांब व्हा सगळे!" मावशी किंचाळली. मोठ्या बाई धावत आल्या. "बाई, मी बहिरी झालेय. वर्षभर खोटं बोलले तुमच्याशी."

पोरं पांगली. सून खोडाला कान लावून उभी राहिली. मावशी जीव मुठीत धरून तिच्या तोंडाकडे बघत होती. सुनेनं होकारार्थी मान हलवली, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांग," मावशी म्हणाली. "सगळ्यांदेखत सांग."